कापसाच्या गावातला नाच: ह्यूस्टन ते लुकेनबाक

शुक्रवार

बाबांना ह्यूस्टन दाखवून संपलं होतं. नासाचं स्पेस सेंटर झालं, मीनाक्षी मंदिर झालं, मॉल तर नको म्हणेपर्यंत झाले. "इथं शेतीबिती काही दिसत नाही का वं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. उभी हयात अकोल्यात कापूस पणन महासंघात ग्रेडर म्हणून गेलेली, बोंडातला कापूस बोटांत ओढून त्याच्या धाग्याची लांबी सांगणारा हा माणूस. त्याला काचेच्या इमारती किती दिवस पुरणार?

माझ्याकडे शनिवारच्या एका कार्यक्रमाची तिकिटं होती. न्यू ब्राउनफेल्सजवळच्या ग्रीन हॉलमध्ये एकाच रात्री दोन बँड. एक सॅन अँटोनियोचा लोकसंगीतवाला, दुसरा ओहायोहून व्हॅनने हिंडत आलेला अल्टरनेटिव्ह कंट्रीवाला. नवऱ्याला शनिवार-रविवार ऑफिसचं ऑन-कॉल, म्हणून त्याचं तिकीट रिकामं. बाबा म्हणाले, "मी येतो ना. घरी बसून तरी काय करू?" मग नुसता कार्यक्रम कशाला, जाता-येता वाटेतलंही बघू, असं ठरलं.

आय-टेनने निघून कोलंबसच्या पुढे ७१ नंबरचा रस्ता धरला. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे टेक्सासचा एकमेव गुणी महिना. रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लूबॉनेटची निळी फुलं, मध्येच इंडियन पेंटब्रशचा शेंदरी पट्टा, आणि कुंपणापलीकडे चरणारी गुरं. शेती दिसली एकदाची! बाबा खिडकीला नाक लावून बसले.

हा फायेट काउंटीचा भाग एकोणिसाव्या शतकात चेक आणि जर्मन शेतकऱ्यांनी वसवला. त्यामुळे इथे पेट्रोल पंपावरही कोलाची मिळतात. मऊ पावाची वाटी आणि मधे जर्दाळू, चीज नाहीतर खसखशीचं सारण. बाबांनी खसखशीचं घेतलं, मग आणखी एक घेतलं. सॉसेज भरलेलाही प्रकार असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

याच लोकांनी गावोगावी लाकडी नाच-हॉल बांधले, शेकड्यांनी. कुठे गायनमंडळाचा, कुठे नेमबाजीच्या क्लबचा, कुठे शेतकऱ्यांच्या संघाचा. आठवडाभर राबायचं आणि शनिवारी बायकापोरांसकट हॉलवर. पोरं बाकांवर झोपायची, मोठी माणसं पोल्का नाचायची. यांतले बरेच हॉल पडले, काहींची गोदामं झाली, पण जे उरले त्यांत आजही बँड येतात. माझं म्हणणं असं आहे की हे संगीत हॉलसकट ऐकायचं असतं. हेडफोनवर त्याचा निम्माच भाग पोचतो.

गाडीत बाबांना अल्टरनेटिव्ह कंट्री म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. कंट्री म्हटलं की मोठी हॅट, चकचकीत बक्कल आणि ट्रक-बिअरची गाणी, हे नॅशव्हिलच्या रेडिओने लोकप्रिय केलेलं रूप. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंक-रॉक वाजवणाऱ्या काही पोरांनी जुन्या कंट्रीच्या आणि लोकगीतांच्या रेकॉर्डी उकरून काढल्या आणि तीच गाणी कर्कश गिटारवर वाजवायला घेतली. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावचा अंकल टुपेलो हा त्यांतला म्होरक्या. त्यांच्या १९९०च्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन'. ते घेतलं कार्टर फॅमिलीने १९३६ साली, मंदीच्या काळात रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरून. पुढे १९९५ साली त्याच नावाचं मासिक निघालं आणि या सगळ्या गोतावळ्याला ते नाव चिकटलं. बँड १९९४ सालीच फुटला होता. एका तुकड्याचा विल्को झाला, दुसऱ्याचा सन व्होल्ट.

"म्हंजे भांडून वेगळे झाले?"

"हो."

"मंग बरोबर हाय. आपल्याकडं भजनी मंडळं बी अशीच दोनाची चार होतात."

ऑस्टिनला पोचलो तेव्हा शहरात शिरायलाच तास गेला. अंकल टुपेलोचा शेवटचा अल्बम १९९३ साली याच शहरातल्या सीडर क्रीक स्टुडिओत झाला, सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवून. नंतर वरून काही चिकटवलेलं नाही. त्यातल्या एका गाण्यात सॅन अँटोनियोचा डग साहम येऊन गायला आहे. मला तो अल्बम यांच्या बाकीच्यांपेक्षा जास्त आवडतो.

संध्याकाळी साउथ लामारवरच्या ब्रोकन स्पोक या जुन्या नाच-हॉलला गेलो. १९६४ साली जेम्स व्हाइट यांनी हे उघडलं आणि २०२१ साली जाईपर्यंत ते दाराशी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत. तेव्हा हे शहराच्या वेशीवर होतं, आता दोन्ही बाजूंनी महागड्या अपार्टमेंट्सच्या इमारती अंगावर आल्या आहेत आणि मधे हे बुटकं लाल कौतुक. आत छत इतकं खाली की उंच माणसाने हॅट काढावी. कार्यक्रमाआधी टू-स्टेप शिकवतात: दोन पावलं भराभर, दोन सावकाश. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरत राहतात. जोरात नाचणारे बाहेरच्या कडेने, शिकाऊ आतून. बाबांनी बराच वेळ निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला, "उलटी प्रदक्षिणा हाय, पण शिस्त हाय." एका वयस्क बाईंनी त्यांना नाचायला बोलावलं तेव्हा मात्र ते गुडघ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. संगीत ठीकठाक. फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, चांगला होता, गायक कंटाळलेला.

शनिवार

ऑस्टिनहून दक्षिणेला ऐंशीएक किलोमीटर, सगळा आय-थर्टीफाइव्ह, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

ग्रीन हे आता न्यू ब्राउनफेल्स शहराचा भाग झालं आहे. स्पेलिंगवर (Gruene) जाऊ नका, उच्चार हाच. ग्वाडालूप नदीच्या वरच्या अंगाला चार रस्ते, एक पाण्याची टाकी, काही जुनी दुकानं आणि मधे पांढऱ्या फळ्यांचा तो हॉल. आम्ही सकाळीच पोचलो, गर्दी व्हायच्या आधी. नदीकाठी गेलो तर तिथे एका जुन्या विटांच्या इमारतीत रेस्टॉरंट थाटलेलं. बाबा भिंतीजवळ गेले, वर पाहिलं, खाली पाहिलं, मागच्या बाजूला चक्कर मारून आले.

"हे तं जिनिंग हाय!"

होतंच. एच. डी. ग्रीन या जर्मन वंशाच्या माणसाने इथे कुळांना जमिनी देऊन कापूस लावून घेतला, नदीच्या पाण्यावर सरकी काढायचं जिनिंग चालवलं, दुकान घातलं, आणि १८७८ साली कुळांसाठी आणि गावासाठी हा हॉल बांधला. जिनिंग १९२२ साली जळालं. विटांची बॉयलरची खोली तेवढी उरली, आज लोक तिथे बसून जेवतात. मग आला बोंडात अंडी घालणारा सोंडवाला भुंगेरा. हा मेक्सिकोतून १८९२च्या सुमारास टेक्सासात शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत अमेरिकेचा सगळा कापूसपट्टा त्याने पोखरला. त्यावर मंदी. गाव ओस पडलं.

बाबांना हे सगळं विचारायचं होतं. बोंडअळीच का? नाही, आपली गुलाबी बोंडअळी म्हणजे पतंगाची अळी. हा सोंड्या भुंगेरा, भारतात नाहीच. धाग्याची लांबी किती असायची? ते मला कुठलं माहीत! रेस्टॉरंटमधल्या पोराला विचारू म्हणाले, मी कसंबसं थांबवलं. मग त्यांनी स्वतःच मला सांगितलं की अमेरिकेत यादवी झाली तेव्हा, १८६१ ते ६५, इथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात गेलं ते त्यापायी. हे मला ठाऊक होतं. पण टेक्सासमधल्या जिनिंगच्या भिंतीला हात लावून ते सांगत होते, म्हणून पुन्हा ऐकलं.

गाव वाचलं ते योगायोगाने. १९७०च्या दशकात इथे सगळं पाडून नवी घरं बांधायचं चाललं होतं. आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने नदीतून नाव वल्हवताना ही टाकी आणि इमारती पाहिल्या आणि त्या वाचवायचा आग्रह धरला. १९७५ साली नव्या मालकाने हॉल घेतला आणि त्यात काहीही सुधारणा न करण्याची सुधारणा केली. आजही एसी नाही. बाजूच्या लाकडी झडपा काठ्यांनी वर उचलून ठेवतात, वर पंखे, त्यावर उतरतं पत्र्याचं छत. स्टेजच्या भोवती १९३०-४०च्या दशकांतल्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या जाहिराती. पुढच्या बाजूला बार, बिलियर्डचं टेबल, भिंतीवर इथे वाजवून गेलेल्यांचे फोटो. कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट नाव व्हायच्या आधी इथे नेमाने वाजवायचा. बाकं आणि लांब टेबलं पिढ्यान्‌पिढ्यांनी कोरलेल्या नावांनी खरवडलेली.

दुपारी झडपांतून साउंड चेक ऐकू येत होता. ड्रमवाला एकच ठोका देतोय, पलीकडून कुणीतरी "अजून" म्हणतंय. हे ऐकायला मला कार्यक्रमाइतकंच आवडतं.

रात्री दारं उघडली. जागा राखून ठेवायची पद्धत नाही, आधी येईल तो बसेल. आम्ही उजव्या बाजूचं, स्टेजजवळचं बाक पकडलं. बाबांच्या कानांत मी फोमचे बोळे घालायला दिले, ते त्यांनी खिशात टाकले.

पहिला बँड सॅन अँटोनियोचा. ॲकॉर्डियन, बाहो सेक्स्तो नावाची बारा तारांची जाडजूड गिटार, बास आणि ड्रम. जर्मन आणि चेक लोकांनी टेक्सासात ॲकॉर्डियन आणि पोल्का आणला. शेजारच्या मेक्सिकन शेतमजुरांनी तो उचलला आणि त्यातून कोनहुंतो हे संगीत उभं राहिलं. सॅन अँटोनियोचा फ्लाको हिमेनेझ त्याला जगभर घेऊन गेला. गाणी स्पॅनिशमधली, ठेका पोल्काचा, आणि नाचणाऱ्यांत सगळ्या रंगांची माणसं. बाबांनी पहिल्या दोन मिनिटांत ॲकॉर्डियन ओळखलं: "भाता हाताने, सूर पट्टीतून. पेटीच हाय, उभी केलेली." तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. दोन्हींत धातूची सुटी पट्टी हवेने थरथरते. या बँडने पाऊण तासात हॉल असा तापवला की नंतरच्यांची मला काळजी वाटायला लागली.

आणि काळजी खरी ठरली. ओहायोवाल्यांनी सुरुवातीलाच लागोपाठ तीन संथ गाणी घेतली. गिटार इतकी मोठी की गायिकेचे शब्द कळेनात. लोक बारकडे सरकले. साउंडवाल्याने चौथ्या गाण्याला ताळमेळ बसवला, तिने गिटारवाल्याकडे पाहून काहीतरी खूण केली, आणि मग फिडलवर एक जुन्या चालीचं वॉल्ट्झ सुरू झालं. बारकडे गेलेली जोडपी परत फ्लोअरवर. या गाण्यात एक जागा आली. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवून दिल्या आणि ठेका नुसता पायांचा उरला. शंभरेक जोडी बुटांचे चामडी तळवे लाकडावर घासत गोल फिरताहेत, खस्‌-खस्‌-खस्‌, एक मोठा आणि दोन लहान, आणि त्यावर फिडल. मला नाही वाटत त्यांनी हे घरून ठरवून आणलं असेल. ओहायोतल्या एखाद्या काँक्रीटच्या बारमध्ये हे होणारच नाही. तो ठेका १८७८च्या फळ्यांचा होता.

पण बाबांचं लक्ष भलतीकडेच. स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात, आमच्या अगदी समोर, एक पांढऱ्या दाढीचा माणूस टेबलासारख्या वाद्यामागे बसून वाजवत होता. पेडल स्टील. मधल्या एका गाण्यात त्याला एकट्याला वाव मिळाला. सूर एका ठिकाणाहून निघून घसरत, वळत, दुसऱ्या ठिकाणी टेकला, आणि बाबा माझा दंड धरून म्हणाले, "विविध भारती!"

मला लगेच कळलं. दोन कार्यक्रमांच्या मधे मिनिटभर वेळ उरला की आकाशवाणीवर सिनेमाची गाणी गिटारवर वाजायची. शब्द नाहीत, नुसता तो रडवेला, घसरता सूर. आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर मीही ऐकलेला. ती हवाइयन गिटार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईच्या पोराने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंड घासायला सुरुवात केली. हवाईची पथकं तो प्रकार घेऊन जगभर हिंडली. एक फाटा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, तिला पाय फुटले, पेडलं लागली आणि ती कंट्रीची ओळख झाली. दुसरा आपल्याकडे आला: टाऊ मो हा हवाइयन कलावंत १९४०च्या दशकात कोलकात्यात राहून शिकवत होता. मुंबईत व्हॅन शिपले यांनी ती सिनेसंगीतात नेली. ब्रिजभूषण काब्रांनी तिला रागसंगीतात बसवलं. १९६७च्या शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरच्या त्या प्रसिद्ध रेकॉर्डवर त्यांचीच गिटार आहे.

"व्हॅन शिपलेची रेकॉर्ड होती आपल्याकडं," बाबा म्हणाले. "तुझ्या काकाने नेली, परत दिली नाही."

कार्यक्रम संपल्यावर मी टी-शर्टच्या टेबलापाशी गेले. टेबलामागे बँडचीच बासवाली उभी. या लोकांचं अर्थकारण तिथे चालतं. गाणी ऑनलाइन ऐकली जातात त्याचे हाती काही पडत नाही, हॉलकडून ठरलेले पैसे आणि कधी दारावरच्या तिकिटांतला वाटा, आणि बाकी पेट्रोल निघतं ते टी-शर्ट आणि व्हिनाइल रेकॉर्डींवर. उद्या डॅलस, परवा ओक्लाहोमा, मग कॅन्सस. पाच माणसं, एक व्हॅन, मागे ट्रेलर. आमच्या पूर्व विदर्भात धानाची कापणी झाली की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या अशाच निघतात: नटनट्या, पेटीवाला, पडदे, सगळं एका गाडीत, रोज रात्री वेगळं गाव. फरक एवढाच की झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि यांना मध्यरात्री हॉल रिकामा करून द्यावा लागतो. मी एक रेकॉर्ड घेतली. घरी रेकॉर्ड प्लेअर नाही, हे खरं.

वळून पाहते तर बाबा जागेवर नाहीत. ते स्टेजला टेकून, पेडल स्टीलवाल्याने वाद्य उलगडायला घेतलं होतं तिथे वाकून खालून बघत होते. इंग्रजी दोघांचं एकमेकांना अर्धंच कळत असावं. पण तो माणूस पुन्हा स्टुलावर बसला आणि दाखवायला लागला. दहा तारा. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. डाव्या हातात पॉलिश केलेली गोल पोलादी कांडी, चांगली वजनदार, ती तारांवर नुसती टेकवून सरकवायची, दाबायची नाही. डाव्या पायाखाली पेडलं. एक दाबलं की खालच्या बारीक सळ्या एखाददुसरी तार ताणतात, बाकीच्या आहेत तिथेच राहतात. म्हणून एकाच झंकारात एक सूर स्थिर आणि दुसरा वर चढत जातो. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, गुडघा डावी-उजवीकडे ढकलला की आणखी तारा चढतात नाहीतर उतरतात. आणि उजवा पाय सतत आवाजाच्या पेडलवर, तार छेडल्यावर ते हळूहळू खाली दाबत जायचं म्हणजे सूर लांबतो. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे. बाबांनी ती कांडी हातात घेतली, तळव्यावर तोलली, बोटाने तिच्या कडेवरून फिरवून पाहिलं. कापसाचा नमुना बघायचे तसंच.

"काय म्हणाला?" मी नंतर विचारलं.

"तीस वर्षं झाली म्हणतो वाजवून. अजून येत नाही म्हणतो."

रविवार

लुकेनबाक हे फ्रेडरिक्सबर्गजवळ, एका फाट्यावर. पाटीवर लोकसंख्या ३. एक जनरल स्टोअर, एक नाच-हॉल, ओकची मोठी झाडं आणि त्यांच्याखाली मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. १९७३ साली जेरी जेफ वॉकरने इथल्या हॉलमध्ये अल्बम रेकॉर्ड केला, १९७७ साली वेलन जेनिंग्जचं या गावावरचं गाणं गाजलं आणि तेव्हापासून इथे मोटरसायकलवाल्यांची रांग असते. टी-शर्टांचं दुकान आता स्टोअरपेक्षा मोठं वाटतं, ते सोडून देऊ.

बघण्यासारखं म्हणजे झाडाखालचं रिंगण. कुणीही गिटार घेऊन यावं आणि बसावं. पाळी गोल फिरते. ज्याची पाळी तो गाणं आणि पट्टी सांगतो, बाकीचे साथ करतात. एक सत्तरीचे गृहस्थ, एक कॉलेजची मुलगी, मॅन्डोलिनवाला, आणि ज्याला तीनच कॉर्ड येतात असा एक, त्यालाही सगळे धरून घेऊन चालले होते. आम्ही कडेला खुर्च्या ओढून बसलो, तर पाळी फिरत फिरत बाबांपर्यंत आली. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. बाबांनी अत्यंत आत्मविश्वासाने सांगितलं, "पास." रिंगणाने मान डोलावली आणि पुढच्याने गाणं धरलं. नंतर मला म्हणाले, पट्टी काळी दोन असती तर विचार केला असता.

परतीला २९० धरला, ब्रेनमपर्यंत मोकळा आणि पुढे ठप्प.

जाणार असाल तर मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये एसी नसलेल्या हॉलमध्ये नाचणं टेक्सनांनाच जमतं. तळ रबरी असलेले बूट नकोत, फ्लोअरवर पाय अडकतो. ग्रीनमध्ये दुपारचे काही कार्यक्रम फुकट असतात, पोराबाळांना घेऊन जायला ते उत्तम. मोठ्या नावांची तिकिटं आधी काढावी लागतात. आणि टी-शर्टच्या टेबलावर थांबा, घासाघीस करू नका.